सुद्याला शांतता चालत नाही

सुदर्शनला मी पहिल्यांदा अभ्यास करताना बघितला, तेव्हा त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर एक माणूस ट्रम्पेट वाजवत होता.

शिवाजी पेठेत आमच्या खोलीखाली बँडवाल्यांचा गाळा आहे. लग्नसराई आली की त्यांचा सराव चालू होतो आणि आमच्या भिंतीवरच्या पाली घर बदलतात. मी भांडायच्या तयारीनं खाली गेलतो. बघतो तर मोठ्या ढोलाला पाठ टेकून आमचा नवा रूममेट बसलेला. मांडीवर अकौंटचं पुस्तक. एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, मग कोऱ्या कागदावर सगळं आठवून लिहायचं, अशी त्याची पद्धत. मी चाटच पडलो. ओरडून विचारलं, "सुद्या, अरं हितं?"

"वाजू दे की," म्हणाला आणि ताळेबंद जुळवून मोकळा झाला. माझा ताळेबंद देवळात बसूनसुद्धा जुळत नाही.

तेव्हापासून धक्क्यावर धक्के सुरू झाले. एका रविवारी फुटबॉलची मॅच होती. दोन पेठांच्या तालमींचे संघ समोरासमोर, म्हणजे काय असतं ते कोल्हापुरात सांगायला लागत नाही. गोल झाला. अख्खी गॅलरी उठली, लोकांनी अंगातले शर्ट काढून फिरवले, आणि त्या गर्दीत एकटा सुद्या बसून घसारा काढत होता. शेजारच्या म्हाताऱ्या काकांना ते काय सोसलं नाही. त्यांनी विचारलं, "पावणं, कुठल्या तालमीचं तुम्ही?"

सुद्यानं मान वर न करता सांगितलं, "बी. कॉम. भाग दोन."

काकांनी पुढची सगळी मॅच माझ्याकडं बघत काढली, जसं काय मीच त्याला जन्म दिलाय.

बँड नसेल, मॅच नसेल, त्या दिवशी तो मिक्सर लावायचा. मोकळा. घर्रर्र चालू, आणि हा समोर वही घेऊन. घरमालकीण काकू एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, पोरगं रोज एवढी चटणी वाटतंय, पण खाताना कधी दिसत न्हाय. मी त्यांना खरं सांगितलं. त्या तशाच पायरीवर बसल्या.

आणि मिक्सर जळल्यावर त्याला मी सापडलो.

मी कुरुंदवाडचा. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात "वर्ग सोडा" म्हणून मी एकदा दोन तुकड्या घरी पाठवल्यात. कॉलेजात तर माझ्या नकलांना कँटीन भरतं. सुद्या म्हणाला, तू नकला कर, मी अभ्यास करतो. मला वाटलं, चला, हक्काचा प्रेक्षक मिळाला. मी अकौंटचे सर केले, एसटीचा कंडक्टर केला, काकू केल्या, लिलावात गूळ विकणारा दलाल केला. जीव तोडला. सुद्या हसला नाही. एकदाही नाही. मी दमून थांबलो की तेवढी मान वर करायचा आणि म्हणायचा, "का थांबलास?" माणसाचा रेडिओ होणं म्हणजे काय, ते मला विचारा.

पण अभ्यासात वाघ. बाकी आम्ही परीक्षेच्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानात जागे होतो. हा पहिल्या दिवसापासून रोज थोडं थोडं करणारा. काल झालेलं आज दुसऱ्याला शिकवणार, चुकलेलं गणित परत सोडवणार. मी पास झालो तो त्याच्यामुळं.

आणि तोच अकौंटला नापास झाला.

निकालाच्या दिवशी मी मोबाईल तीनदा बंद करून चालू केला. ज्यानं आम्हाला शिकवलं, त्याचाच विषय राहिला? आजवरचे त्याचे पेपर रस्त्याकडच्या खोल्यांत, हॉर्नच्या आवाजात झालेले; अकौंटचा तेवढा मागच्या हॉलमध्ये आला, तो जवळजवळ कोरा दिलता म्हणे. का, विचारलं तर एकच वाक्य. "हॉल लई गप हुता रं."

मी त्याची पण नक्कल केली. कँटीन पडायला आलं हसून. सुद्यापण हसला.

मग चुलत्यांचा फोन आला. ते त्याचं शिक्षण बघतात. फोन स्पीकरवर होता म्हणून मलाही ऐकू आलं. म्हणाले, फेरपरीक्षेला विषय सुटला तर पुढचं वर्ष, नाहीतर कापडं भर आणि फौंड्रीत लाग, मी बोलून ठेवलंय. मी म्हटलं, सुद्या, फौंड्रीत आवाज तर लई असतोय, तुझं भलंच हाय. तो कॉटखालची बॅग काढून पुसायला लागला. तेव्हा मला कळलं की हे हसण्यावारी न्यायचं काम नाही.

मी ठरवलं, याला शांततेची सवय लावायची. पोहायला शिकवतात तशी. पेपरच्या आदल्या आठवड्यात त्याला पन्हाळ्यावर नेला. पर्यटक येतात ती बाजू सोडून पार मागं, तटाच्या कडेला, जिथं वाऱ्याशिवाय कोण नाही. जुनी प्रश्नपत्रिका हातात दिली, वेळ लावली आणि म्हटलं, मी तिकडं भाकरी खाऊन येतो, लिही निवांत.

आलो तर पान कोरं. सुद्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, गार वारा सुटलेला असताना. मला वाटलं साप बघितला यानं.

"काय झालं रं?"

तो खाली बघत बोलायला लागला. त्यांच्या घराला लागून पिठाची गिरणी होती. आप्पा, म्हणजे त्याचे वडील, ती चालवायचे. दिवसभर घर हादरायचं. हा सातवीत. दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर. सकाळपासून आप्पांच्या मागं लागलेला की जरा बंद करा, अभ्यास हुईना.

"आणि दुपारी बंद झाली," सुद्या म्हणाला. "मला वाटलं, माझ्यासाठी बंद केली. लई भारी वाटलं. असला अभ्यास झाला त्या दिवशी. सगळी उजळणी केली मी. आई रानातनं आली तवा कळलं. आप्पाला चक्कर आलती. बटण बंद करून तितंच पडलता. मी भिंतीच्या अलीकडं गणितं सोडवत हुतो."

आप्पा वाचले. पण एक बाजू गेली, आणि वाचा गेली. गिरणी विकली. "आता घरात कायबी वाजत न्हाय," म्हणाला. "कुठं गप झालं की मला वाटतंय, कोणतरी पडलंय. बघून यावं वाटतंय. मग लिहू कसं?"

माझ्याकडं प्रत्येक प्रसंगाला एक आवाज असतो. त्या वेळी मी नुसता उठून पाणी आणायला निघालो, तर त्यानं माझी पँट धरली.

"जाऊ नगंस. बोलूबी नगंस. नुसता दिसंल असा बस."

मी बसलो. त्यानं वेळ परत लावली. मधनंमधनं मान वर करून माझ्याकडं बघायचा आणि परत लिहायचा. ऊन फिरलं, माझ्या पायांना मुंग्या आल्या. पेपर पुरा झाला.

खऱ्या पेपरला त्याचा नंबर तळमजल्यावर, खिडकीजवळ आला. समोर आंब्याखाली कट्टा आहे. मी जाऊन बसलो. घंटा झाली, आणि अख्ख्या कॉलेजात पंख्याचासुद्धा आवाज येईना.

थोड्या वेळानं शिपाई आला. "पावणं, तुमचा पेपर हाय?"

मी मान हलवली.

"मग हितं काय करताय?"

एरवी मी त्याला त्याच्याच आवाजात उत्तर दिलं असतं. मी नुसते हात जोडले. तो माझ्याकडं खालीवर बघून पुटपुटत गेला, हल्लीची पोरं डोक्यावर पडल्यात म्हणून.

मग हॉलमध्ये सुद्यानं हात वर केला. मला वाटलं, उठला की काय, सोडला की काय पेपर. सर त्याच्या बाकाजवळ गेले, वाकून काहीतरी ऐकलं आणि टेबलाकडनं परत आले ते हातात पुरवणी घेऊन. सुद्यानं ती उत्तरपत्रिकेला नीट बांधली, गाठ ओढून बघितली. मग खिडकीतनं एकदा कट्ट्याकडं बघितलं.

मी होतो.

त्यानं मान खाली घातली.