सुपुर्तनाम्यावरचे मासे

वडीलधाऱ्यांना कायदा शिकवायला जाऊ नये, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्या माणसाशी कडकडून भांडले असते. (सांगितलं होतं. भांडलेही होते. आईच होती ती.)

एकोणीसशे चौसष्टच्या उन्हाळ्यात मी बी.ए. झाले आणि नागपूरला जाऊन एलएल.बी. करणार असं घरात जाहीर केलं. बाबा, म्हणजे कमलाकांत वकील, अमरावतीच्या कोर्टातले जुने वकील. त्यांच्या कपाटातली निम्मी पुस्तकं मी वाचली होती आणि उरलेली निम्मी मला न वाचताच कळत होती. बाबा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. पक्षकारांनाही ते असंच ताटकळत ठेवत. खरा अडथळा अकोल्याला होता. त्याचं नाव हरिहरमामा. आईचे थोरले भाऊ, निवृत्त हेडमास्तर. “मुलगी कायदा शिकली की घरात दोन कोर्टं सुरू होतात,” असं त्यांचं मत होतं. आमच्या घरात शेवटचा शब्द आईचा असे, आणि आईचा शब्द मामांचा असे.

त्याच उन्हाळ्यात मामा सिंगापूरच्या मुलाकडे तीन महिने राहून परत आले. आई आणि मी त्यांना भेटायला अकोल्याला गेलो. पाहते तर बैठकीच्या खोलीत मधोमध काचेची मोठी बरणी आणि तिच्यात नखाएवढाले रंगीत मासे. एकेकाची शेपटी म्हणजे लग्नाला निघालेल्या बाईचा पदर. त्यांना गपी म्हणतात म्हणे. येईल त्याला मामा एकच गोष्ट सांगत होते.

“बोटीवरून उतरताना अधिकाऱ्यानं विचारलं, थर्मासात काय आहे? म्हटलं, पाणी. आता सांगा, मी खोटं बोललो का? पाणी होतंच!”

पाहुणे खो खो हसत. मला हसू येईना. या गृहस्थांनी तीस वर्षं खोटं बोलणाऱ्या पोरांच्या हातावर छड्या ओढल्या होत्या!

“मामा,” मी म्हटलं, “परदेशातून जिवंत प्राणी आणायला परवाना लागतो. हा गुन्हा आहे.”

“असेल. पण सरकारला कळणार कसं?”

“मी कळवीन.”

“कळव की! पण अर्ज धड लिही. हल्ली बी.ए. झालेल्यांना साधा अर्ज लिहिता येत नाही.”

मी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. मामांनी चष्मा लावून, लाल पेन्सिल घेऊन तो तपासला.

“‘चोरून आणले’ असं नको. चोरीला पुरावा काय? ‘विनापरवाना आणले’ असं लिही. आणि स्वतःच्या मामाला ‘सदरहू इसम’ काय म्हणतेस? ‘सेवानिवृत्त मुख्याध्यापक’ लिही. माणसाचं पद लिहावं.”

मी अर्ज सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवला. पाकिटाला तिकीटही मामांनीच दिलं. अर्ज करणारा हयात असेपर्यंत सरकारी ऑफिस हलत नाही, अशी त्यांची खात्री होती. (खरं सांगायचं तर माझीही होती.) पण तो अर्ज इतका मुद्देसूद झाला होता की ऑफिसचा नाइलाज झाला. आठवड्याच्या आत जीप दारात.

परदेशी मालाची चौकशी आमच्याकडे तंबाखूवर कर घेणाऱ्या खात्याकडेच होती. इन्स्पेक्टर खुशालरावांची सारी हयात तंबाखूच्या गोदामांत गेलेली. त्यांनी सवयीनं आधी बरणीचा वास घेतला.

“नत्थुजी,” ते शिपायाला म्हणाले, “हा माल तोलाचा का मोजाचा?”

“तोलाचा कसा जी? पान्याचंच वजन भरंन,” नत्थुजी म्हणाला. “अन् मोजू तं कसे मोजू? हालून राह्यले ना!”

अखेर ते दोघे आणि मामा अशा तिघांच्या मतांची सरासरी काढून सात मासे ठरले. पंचनामा झाला. आता माल ठेवायचा कुठे? ऑफिसच्या गोदामात तंबाखू. खुशालराव म्हणाले, “सुपुर्तनामा करून टाकू.” म्हणजे जप्त केलेला माल भरवशाच्या माणसाच्या ताब्यात द्यायचा आणि बोलवाल तेव्हा जसाच्या तसा हजर करीन, असं त्यानं लिहून द्यायचं. ते मामांकडे वळले. मामांनी दोन्ही हात जोडले.

“मी आरोपी. आरोपीच्याच ताब्यात माल कसा देता? ते बेकायदेशीर होईल. नाही का गं चारू?”

“तं मंग अर्जदार बाईच घेतीन,” खुशालराव म्हणाले. “काहून बाई? भरवशाच्या आहे ना तुमी?”

असं विचारल्यावर कोण नाही म्हणेल? आयुष्यातल्या पहिल्या कायदेशीर कागदावर मी झोकात सही केली आणि खाली दोन रेघा ओढल्या.

अमरावतीच्या एसटीत बरणी माझ्या मांडीवर होती. कंडक्टर म्हणाला, “कोंबडीचं तिकीट लागते बाई. मासोळीचं मले माहीत नाई. तरी अर्धं फाडू का?” ड्रायव्हरनं ब्रेक मारला की पाणी आईच्या लुगड्यावर. मूर्तिजापूरपर्यंत आई एक अक्षर बोलली नाही. मूर्तिजापूर गेल्यावर म्हणाली, “कायदाच शिकायचा होता ना तुला? शीक.”

घरी बाबांनी सुपुर्तनामा वाचला आणि मोठ्यांदा हसले. मग एकदम कोर्टातला चेहरा करून म्हणाले, “चारू, हा माल ज्या दिवशी बिनतक्रार परत करशील, त्या दिवशी नागपूरचा फॉर्म भरू. तुझ्या आईला मी समजावीन. पण सात मासे सांभाळता आले नाहीत, तर पक्षकार काय सांभाळशील? मग नागपूरचं नाव काढायचं नाही.”

म्हणजे माझं सगळं भवितव्य आता त्या बरणीत पोहत होतं.

दुसऱ्या दिवशी टांगा थांबला. मामा वळकटी घेऊन उतरले.

“माल तुझ्या ताब्यात असला तरी मालक मीच आहे,” ते म्हणाले. “मालकाला तपासणीचा हक्क असतो. विचार बापाला.”

बाबांनी दुर्दैवानं मान डोलावली. मामा तपासणीसाठी आले ते राहिलेच. सकाळी उठल्यापासून सुरू. “चारू, नळाचं ताजं पाणी घालू नकोस. चारू, कणीक बारीक कर, ते काय बैल आहेत? चारू, आज तो डावीकडचा उदास दिसतो.” भाऊ आला म्हणून आई रोज गोडधोड करत होती. वडीलधाऱ्यांच्या जाचातून सुटण्यासाठी मी नागपूरला निघाले होते. इथे मी रीतसर अर्ज करून एक वडीलधारा घरी आणून ठेवला होता!

महिन्याभरानं एका सकाळी पाण्यात काळे ठिपके दिसले. मला वाटलं, धूळ. मी चमच्यानं काढायला गेले तर धूळ पळाली.

“थांब!” मामा ओरडले. “अगं, पिल्लं आहेत! ही जात अंडी घालत नाही. थेट पिल्लंच!”

त्या जातीला दुसरा काही उद्योगही नव्हता. आधी बरणी भरली. मग आईची लोणच्याची बरणी गेली. मग मोठं गंगाळ गेलं, आणि बाबा अंगणातल्या नळाखाली आंघोळ करून कोर्टात जाऊ लागले. तरी पिल्लांची पिल्लं येतच होती. शेवटी मी डोकं चालवलं. सही सातांची केली होती ना? मग वरचे वाटून टाकले. गल्लीत एक घर सोडलं नाही. लोक खूश, मी खूश.

दिवाळी झाल्यावर नोटीस आली. नागपूरहून साहेब अमरावतीच्या ऑफिसात येणार, सोमवारी तिथे माल हजर करावा. रविवारी दुपारी बाबांनी सहज विचारलं, “पिल्लं कुठे ठेवलीस?”

“वाटली.”

बाबांनी चष्मा काढला. “गाय सांभाळायला दिली आणि ती व्याली, तर वासरू कोणाचं?”

“गायीच्या मालकाचं,” मी ताडकन सांगितलं. (हे मी वाचलं होतं. फक्त गाय एवढी लहान असू शकते हे लक्षात आलं नव्हतं.)

“मग?” बाबा म्हणाले.

मी बादली घेऊन गल्लीत धावले. शेजारच्या जमुनाकाकू, धामणगावकडच्या मोठ्या शेतीवाल्या, दारातच उभ्या राहिल्या.

“वा व पोरी! देल्लेलं कोनी वापस मांगते का? आमच्या बाळ्यानं तं त्याले नाव ठेवलं.”

“काय नाव?”

“चारू.”

“माझं नाव? का हो काकू?”

“तोंडच बंद होत नाई त्याचं.”

तो चारू मिळवायला मला बाळ्याला माझं शाईचं पेन द्यावं लागलं. पुढच्या घरच्या वच्छलाबाईंनी आपले मासे डास खातात म्हणून विहिरीत सोडले होते. दिवे लागेपर्यंत मी विहिरीत बादल्या सोडत होते आणि मामा काठावर बसून सूचना करत होते.

सोमवारी एका बाजूनं मी आणि एका बाजूनं मामा, असं ते गंगाळ ऑफिसात नेलं. साहेबांनी पंचनामा वाचला. सात मासे. मग गंगाळात डोकावले. पाण्यापेक्षा मासेच जास्त.

नत्थुजीला घेऊन अकोल्याहून आलेले खुशालराव मोजायला बसले आणि घाम पुसत उठले. “साहेब, माल जास्त भरून राह्यला.”

ऑफिसातल्या साऱ्या माना वर झाल्या. पुढे कळलं की तंबाखूच्या खात्यात माल कमी भरला तर समजू शकतात. वाळला, उंदरांनी नेला, काहीही. पण जास्त भरला म्हणजे चोरून उत्पादन! त्यासारखं पाप नाही.

“बाई,” साहेब गंभीरपणे म्हणाले, “उत्पादनाचं लायसन आहे तुमच्याकडे?”

“नाही.”

“कारखाना कुठे आहे?”

“गंगाळात,” मी म्हटलं.

(साक्षीदारानं विचारल्यापेक्षा जास्त बोलू नये, हेही मी वाचलं होतं.) साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. पाठ केलेली सगळी कलमं उडून गेली. नागपूर, काळा कोट, सगळं त्या गंगाळात बुडताना दिसलं. आणि तेवढ्यात शेजारी कोणीतरी घसा खाकरला.

“साहेब, मी यातला आरोपी,” मामा उभे राहून म्हणाले. “परवानगी असेल तर दोन शब्द बोलतो. मासे मी आणले, विनापरवाना आणले, गुन्हा कबूल. तक्रारीचा अर्जसुद्धा मीच तपासून दिला आहे. पण या मुलीनं काहीही उत्पादन केलेलं नाही. जे केलं ते मालानं आपसांत केलं. आणि परदेशी माल तेवढा सातच आहे. बाकीचे सगळे अमरावतीत जन्मले. त्यांनी समुद्र तर सोडाच, बडनेऱ्याचं स्टेशनसुद्धा पाहिलेलं नाही. त्यांना कसला परवाना?”

साहेबांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण नत्थुजी आधीच फुटला होता.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “मग ते परदेशी सात वेगळे काढा.”

सगळं ऑफिस गंगाळाभोवती ओणवं झालं.

“साहेब,” अखेर खुशालराव म्हणाले, “सगळे इकडलेच वाटून राह्यले.”

साहेबांनी मामांना कडक समज दिली, माल मोकळा केला आणि माझ्या सुपुर्तनाम्यावर ‘माल बिनतक्रार परत मिळाला’ असा शेरा मारला. मला गंगाळासकट नाचावंसं वाटलं. पण निघताना त्यांनी एक घोडचूक केली. मामांचा हात हातात घेऊन म्हणाले, “मास्तर, काय मुद्दे मांडलेत! तुम्ही वकील का नाही झालात?”

रात्री जेवताना मामा बाबांना म्हणाले, “कमलाकांतराव, फॉर्म दोन मागवा.”

मला वाटलं, एकावर शाई सांडली तर दुसरा असावा म्हणून. केवढी काळजी! मी त्यांना आग्रह करून भात वाढला.

पुढच्या जूनमध्ये मी नागपूरच्या लॉ कॉलेजात पहिल्या दिवशी वर्गात बसले. आजूबाजूला एक ओळखीचा चेहरा नव्हता, एक वडीलधारं माणूस नव्हतं. मी मनसोक्त श्वास घेतला. तेवढ्यात दारातून काळा कोट, टोपी आणि छत्री आत आली. सर आले असं समजून सगळा वर्ग खाडकन उभा राहिला.

“बसा, बसा,” असं म्हणत मामांनी छत्री भिंतीला टेकवली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले.

मी शेजारच्या मुलीच्या कानात घाईघाईनं सांगू लागले, “अगं, हे सर नाहीत, माझे मामा आहेत. आपल्यासारखेच विद्यार्थी. त्यांना अजिबात घाबरायचं नाही. आपणही शिकलेल्या मुली आहोत—”

“चारू!” मामा मागे न वळता म्हणाले. “वर्गात बोलायचं नाही.”

आणि मी, बी.ए., साऱ्या वर्गासमोर उभी राहून म्हणाले, “चुकले, सर.”