वाळकी बाभळ आणि पाच हॉर्सपॉवर

आमचा शेजारी रंगनाथ माणसं हॉर्सपॉवरमध्ये मोजायचा. बैल दीड, रेडा दोन, सरपंच पाव, "तो बी लाईट असली तर." त्याची बायको सरूवहिनी पाच. मला त्यानं कधीकाळी दोन दिले होते आणि ते मी जपून होतो. दुसरी कुठली पदवी मला मिळालेली नाही. तिसरीत शाळा सुटली, हातात रंधा आला, तो साठी उलटली तरी हातातच.

हे मोजमाप तो तोंडावर सांगायचा. पारावर गावातले म्हातारे नाना काठी टेकत आले की म्हणायचा, "नाना आता पाऊणवर आले." नाना चिडले की म्हणायचा, "आकडा हाय. आकड्याचा राग कशाला?"

वीस वर्षं तो साखर कारखान्यात फिटर होता. तिथून सुटला आणि घरच्या पडवीत त्यानं एक यंत्र उभं केलं. लोखंडी चौकट, वर फळी, मधून एक दांडा. दांड्याच्या एका टोकाला गोल करवत, मधे रंध्याचं पातं, दुसऱ्या टोकाला भोकं पाडायचा गिरमिट. सगळं पट्ट्यानं फिरवायला अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार, नगरच्या जुन्या बाजारातली. सोनईहून माणसं बघायला यायची. मी शेजारी असून गेलो नाही. माझ्या बापानं दोन हातांनी गाड्या बांधल्या, मी बांधल्या. फळी पट्ट्यावर सोडून बाजूला उभं राहायचं, याला मी सुतारकाम म्हणत नाही.

मग पाऊस सलग दोन वर्षं गेला, आणि दुसऱ्या साली माझा उजवा खांदा गेला. करवत दोनदा ओढली की तिसऱ्यांदा हात वर येईना. कुणाला बोललो नाही. काम नाही म्हणून करवत टांगली, असं सांगायचो, आणि दुष्काळात ते खपायचं. पण रस्त्याच्या कामावर कुदळी-फावड्यांना दांडे लागत होते, शेकड्यानं, आणि तेही बाभळीचे. मुकादम दोनदा आला. दोन्ही वेळा लाकूड नाही म्हणून मी त्याला परत लावला. लाकूड माझ्या पाठीमागंच रचलेलं होतं.

मुकादम गेल्यावर रंगनाथ आला. माझ्याकडं बघितलं, लाकडाकडं बघितलं. "भिवा, माझ्या यंत्रावर काप."

मी म्हणालो, "तुझं यंत्र वाळकी बाभळ एका दमात फाडंल, त्या दिवशी मी त्याला हात लावीन. तवर न्हाई."

मला वाटलं, विषय मिटला.

तो त्याच दिवशी बाभळ घेऊन बसला. करवत बोटभर आत जायची, मोटार कण्हायची आणि पट्टा घसरायचा. त्यानं पट्ट्याला राळ चोळली. मग पट्टा घसरायचा थांबला आणि मोटारच जळाली. पडवीत धूर झाला, वहिनींनी म्हैस बाहेर काढली. रंगनाथ म्हणाला, "आता कळलं किती कमी पडतंय."

त्याच्या विहिरीवर पाचाची मोटार होती. विहिरीत पाणी नव्हतं, मोटार बसून गंजत होती. पण तिला तीन तारांची लाईन लागते, आणि ती लाईन फक्त विहिरीवर. मोटार घरी येत नाही म्हटल्यावर त्यानं यंत्रच गाडीत घातलं आणि विहिरीवर नेलं. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, पडवी मोकळी झाली, आता नवराबी तिकडंच राहूंद्या."

पंप सोडवून त्यानं पट्टा चढवला. खटका दाबला तर यंत्र चालायला लागलं. म्हणजे खरोखरच चालत विहिरीच्या काठाकडं निघालं. दोघा गड्यांनी धरलं. मग त्यानं मोटेच्या वेळच्या दगडी थारोळ्यात, जिथं पूर्वी मोटेचं पाणी पडायचं, चौकट उतरवून चारी पाय चुन्यानं पक्के केले. यंत्र हलायचं थांबलं, पण वीतभर बुटकं झालं. रंगनाथ ताडमाड उंच. त्याला त्यावर वाकून काम करावं लागे. वर खटका बसवला तोही डाव्या हाताला.

मी लांबून बघत होतो. म्हणालो, "कंबर मोडंल तुझी. आन् उजव्या माणसानं डावीकडं खटका लावलाय. फिटर म्हणं."

"जागा तिथं हुती," तो म्हणाला.

बाभळ लावली तर नुसता धूर. करवत चावेचना. तो पट्टा तपासतोय, मोटारीला कान लावतोय. शेवटी माझ्यानं राहवलं नाही. "रंगा, दात बघ. करवत उलटी फिरतीय." वीस वर्षं फिटर असलेल्या माणसानं वाकून दात बघितले. दुसऱ्या दिवशी दोन तारांची अदलाबदल करून त्यानं ती सुलट केली. माझे महिनाभर अडीच झाले. नंतर परत दोन.

शेवटी त्यानं मला बोलावलं. ओंडका मीच निवडला, तीन गाठींचा, चार उन्हाळे तापलेला. रंगनाथ वाकला, खटका दाबला. पहिली गाठ गेली. दुसरीला मोटारीचा आवाज खाली उतरला, पट्टा थरथरला, पण थांबला नाही. तिसरी गेली आणि ओंडक्याच्या दोन फाका दोन बाजूंना पडल्या. वासानं नाक भरलं. ताज्या फाडलेल्या बाभळीचा वास मला वर्षभर आला नव्हता.

शब्द दिला होता. यंत्रापुढं जाऊन उभा राहिलो. फळी बरोबर माझ्या बेंबीखाली आली, घरच्या माझ्या कामाच्या ठोकळ्याइतकी. डावा हात न ताणता खटक्यावर पडला. उजव्याला नुसतं लाकडावर टेकायचं काम होतं. रंगनाथ कंबरेवर हात ठेवून कोरड्या विहिरीत बघत होता.

"कधीपासनं ठावं हाय तुला?"

"काय?"

"खांद्याचं."

"दिवाळीत पाटाला खिळा मारलास. डाव्या हातानं."

म्हणजे मी शब्द टाकला त्याच्या कितीतरी आधी. मी विचारलं, "मग माझा आकडा कितीवर आलाय?"

"दोन."

"खोटं बोलू नगंस."

"दोनच हायत. आकडा हाय, राग कशाला?" आणि मग, विहिरीकडं बघतच, "मुकादमाला उद्या बोलावलाय."

आयुष्यात त्यानं चुकीचं मोजलेलं ते एवढंच. मी दुरुस्त केलं नाही. दुसरा ओंडका उचलून फळीवर ठेवला आणि डाव्या हातानं खटका दाबला.