सदर बाबीसाठीचे साधन

विषय : वानरपथकातील महिला जवानांना मैदानी प्रशिक्षणाच्या काळात सदर बाबीसाठी योग्य साधन पुरवणे.

संदर्भ : तुळसा माकडीण हिचा अर्ज.

मुलांनो, विषय वाचून काही कळले नाही ना? कळू नये म्हणूनच तो तसा लिहिला आहे. तुम्ही कोणाला सांगणार नसाल तर सांगतो. सदर बाब म्हणजे पाळी.

तर एका जंगलात सैन्य होते, आणि सैन्य आले म्हणजे कार्यालय आलेच. तिथे खवलेमांजर हेडक्लार्क होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेब सुधारक विचारांचे होते. माद्यांना सैन्यात घ्यावे, या ठरावाचा मसुदा त्यांनीच केला होता. एकच अडचण होती. संकोच वाटला की खवलेमांजराच्या अंगाची आपोआप गुंडाळी होते. भाऊसाहेब सुधारक होते, पण बहुतेक वेळ गुंडाळलेलेच असत.

तुळसा त्यांच्यापुढे आली तेव्हा ते सरळ होते.

"भाऊसाहेब, दोन महिन्यांनी मैदानी परीक्षा आहे," ती म्हणाली. "आठवडाभर झाडावर दबा धरून बसायचं. जो खाली उतरला तो नापास."

"माहीत आहे. नियम मीच टंकला आहे."

"त्याच आठवड्यात माझी पाळी आहे."

भाऊसाहेबांची गुंडाळी झाली.

तुळसा गुंडाळीशी बोलत राहिली. तिला असे काहीतरी हवे होते, जे काळोखात एका हाताने बदलता येईल. दुसऱ्या हाताने फांदी धरायची असते. धुवायला पाणी नसते. वापरलेले खाली टाकता येत नाही, वास बिबट्याला लागतो. परीक्षेत पास झाली तर ती टोळीची नाईक होणार होती. आजवर एकही माकडीण नाईक झाली नव्हती.

"अर्ज करा, तुळसाबाई," गुंडाळीतून आवाज आला. "सहानुभूतीपूर्वक विचार होईल."

भाऊसाहेबांनी खरोखरच सहानुभूतीपूर्वक टिपणी लिहिली. सगळे मुद्दे घेतले, फक्त तो शब्द गाळला. त्या जागी 'सदर बाब' लिहिले. टिपणी फार शालीन झाली.

समिती नेमली गेली. सेनापती गवा अध्यक्ष, मोर रचनाकार, भाऊसाहेब सचिव. एखादी माकडीण घ्यावी अशी सूचना आली होती. पण ती स्वतःच्या अनुभवावरून बोलेल आणि निष्पक्षपणा जाईल, म्हणून ती सूचना फेटाळली गेली.

"सदर बाब म्हणजे नेमकं काय, भाऊसाहेब?" गव्याने विचारले.

भाऊसाहेब गुंडाळले. "साहेब, ती... दर महिन्याला येते."

"पगार?"

"नाही साहेब. ही आली की पोटात दुखतं."

"माझ्या पोटात पगार संपल्यावर दुखतं," मोर म्हणाला.

"बस्स, पोट!" गवा खूश झाला. "पोटाचा विकार आहे. मग पट्टा करा. मजबूत पाहिजे. सैन्याचा माल आहे."

आता भाऊसाहेबांनी एकच शब्द बोलायचा होता. तो त्यांच्या जिभेवरही आला होता. पण सेनापतींसमोर असला शब्द? त्यांनी इतिवृत्तात लिहिले : 'सविस्तर चर्चा झाली.'

मोराने साधन तयार केले. वेताचा रुंद पट्टा. त्याला बेलफळाच्या कवटीचा डबा. डब्याला पिसांची झालर, कारण माद्यांना आवडते. शिवाय एक घंटा. त्रास झाला तर वाजवावी.

चाचणी कडक घेतली. समितीच्या तिघांनीही ते साधन महिनाभर कमरेला बांधले. तिघांपैकी कोणालाही सदर बाबीचा काडीचाही त्रास झाला नाही. अहवालात भाऊसाहेबांनी लिहिले : 'साधन शंभर टक्के यशस्वी.' सही करताना आपण काहीतरी चांगले केले, असे त्यांना मनापासून वाटले.

तुळसाने पट्टा उलटसुलट करून पाहिला.

"हे लावायचं कुठं?"

भाऊसाहेबांनी सूचनापत्रक वाचले. "योग्य ठिकाणी."

"आणि घंटा? दबा धरून बसलेल्या जवानाच्या कमरेला घंटा, भाऊसाहेब? शत्रूला आमंत्रण द्यायचंय का?"

"काही सुधारणा हव्या असतील तर लेखी द्या."

"परीक्षा उद्या आहे!"

"मग परीक्षेनंतर द्या."

तुळसाने पट्टा फांदीला टांगला आणि स्वतःच सावरीचा कापूस गोळा केला. वडाच्या सालीचे मऊ धागे घेऊन पथकातल्या मैत्रिणींबरोबर छोट्या गाद्या विणल्या. वापरलेल्या ठेवायला पळसाच्या पानांची घट्ट पुडी केली. मग ती आठवडाभर झाडावर बसली. पोटात कळा येत होत्या, तरी हलली नाही. लांडग्यांची टोळी खालून गेली ती तिनेच हेरली. त्याच सुमारास शेजारच्या झाडावरचा हुप्प्या जांभळे खायला खाली उतरला होता.

हुप्प्या नापास झाला. तुळसाचा निकाल राखून ठेवला गेला. मंजूर साधन न वापरता तिने सदर बाब परस्पर हाताळली होती.

ती पुन्हा भाऊसाहेबांपुढे उभी राहिली. हातात कापसाची गादी होती.

"हे साधन मंजूर करा आणि माझा निकाल लावा. दुसरं काही मागत नाही."

भाऊसाहेबांनी गादी पाहिली. हलकी होती, साधी होती. त्यांना एका नजरेत पटले. त्यांनी मंजुरीचा कागद पुढे ओढला. सगळे रकाने भरले. शेवटी एक रकाना राहिला : 'साधन कशासाठी?'

"दोनच अक्षरं आहेत, भाऊसाहेब," तुळसा म्हणाली. "पोरगी म्हणून नाही, शिपाई म्हणून मागते. लिहा."

भाऊसाहेबांनी टाक उचलला. त्यांना लिहायचे होते, हे मी खात्रीने सांगतो. पण हा कागद फिरणार, गवा वाचणार, मोर वाचणार, आणि खाली सही खवलेमांजराची. पाठीवरचे खवले आपोआप उभे राहिले.

त्यांनी लिहिले : 'सदर बाबीसाठी.'

गव्याने शेरा मारला : 'बाबीच्या खुलाशासह फेरसादर करावे.' कागद भाऊसाहेबांच्या टेबलावर परत आला.

दरम्यान टोळीला नाईक हवाच होता. ज्याचा निकाल लागला आहे, त्यालाच नेमता येत होते. हुप्प्याचा निकाल लागलेला होता. तो नापास होता, ही बाब वेगळी. त्याला नेमले. तुळसा आता त्याच्या हाताखाली पहारा देते. तो जांभळे खायला गेला की टोळीही तीच सांभाळते.

पट्ट्याला उत्कृष्ट संशोधनाचे पदक मिळाले. भाऊसाहेब निवृत्त झाले. निरोपसमारंभात महिला जवानांचे कैवारी म्हणून त्यांचा गौरव झाला, तेव्हा ते गुंडाळलेले होते.

तुळसा माकडीण हिचा अर्ज खुलाशाअभावी प्रलंबित आहे.

तात्पर्य : कोणतीही अडचण सोडवायला घेताना तिचे नाव उच्चारू नये. नाव उच्चारले की ती सगळ्यांना कळते, कळली की सुटते, आणि सुटली की चांगली चाललेली समिती बरखास्त करावी लागते.