टाइट एंडची नेमणूक

गुणवंत पाटकर कागदांवर सही घ्यायला ब्रॅडलीसाहेबांच्या केबिनपर्यंत गेला आणि दार अर्धवट उघडं दिसलं म्हणून बाहेरच थांबला. आत ब्रॅडलीसाहेब आणि ऑपरेशन्स बघणारा डग, या दोन अमेरिकनांची जुंपली होती. रविवार होता, म्हणजे आठवड्याचा पहिला दिवस. दोघांचे डोळे जागरणानं लाल झालेले, दोघांच्या हातात कॉफीचे मोठे मग. अशा वेळी आत जायचं नसतं, हे गुणवंतला अकरा वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. खरं तर ऐकायचंही नसतं. पण २००९ सालचा, मंदीतला एप्रिल होता. समोरच्या शेडमधली कंपनी गुरुवारी संध्याकाळी होती आणि रविवारी सकाळी नव्हती. त्या दिवसांत दुबईच्या जबल अलीत साहेबाच्या दाराशी कान न देणारा नोकरदार शोधून सापडला नसता.

"घेतला म्हणजे घेतला," डग म्हणत होता. "नवा टाइट एंड ड्राफ्ट झालाय. आता रडून काय होणार?"

"पण गरज काय होती? आपल्याकडे टाइट एंड आहे की!" ब्रॅडलीसाहेब.

"तो? अकरा वर्षं झाली त्याला. गुडघे गेलेत. ब्लॉक करता येत नाही, पळता येत नाही. गेल्या सीझनला निम्मा वेळ तर बाहेर बसून होता."

"अनुभव आहे त्याच्याकडे."

"अनुभवानं गुडघे भरून येत नाहीत, बॉस. हा नवा पोरगा साडेसहा फूट आहे. हात चांगले आहेत. रूट्स असे मारतो की बघत राहावं. जुन्याला सरळ कट करा."

गुणवंतचा हात आपोआप आपल्या गुडघ्याकडे गेला. फेब्रुवारीत त्यानं उजव्या गुडघ्यासाठी नऊ दिवसांची रजा काढली होती. सोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलं होतं, आणि त्या सर्टिफिकेटवर ब्रॅडलीसाहेबांनी स्वतः सही केली होती. तो सही न घेताच मागे वळला आणि शक्य तितकं न लंगडता आपल्या जागेवर येऊन बसला.

कंपनीत त्याच्या भरवशाचा माणूस एकच, रत्नागिरीचा जहूर. गुणवंत कस्टमचे कागद बघायचा आणि जहूर कंपनीचे ट्रक आणि कामगारांच्या बसेस. जेवणाच्या सुट्टीत गुणवंतनं त्याला ट्रकच्या सावलीत गाठलं आणि ऐकलेलं सगळं शब्द न् शब्द सांगितलं.

जहूर विचारात पडला. "टाइट एंड? ही कसली पोस्ट?"

"तेच तर कळत नाही. मी अकरा वर्षं टाइट एंड होतो हेसुद्धा मला आजच कळलं."

"थांबा हां, नीट बघूया. टाइट म्हणजे तंग. एंड म्हणजे खलास. कंपनी तंगीत आहे, म्हणून माणसं खलास करायला नवा साहेब आणतायत. ड्राफ्ट म्हणजे त्याच्या अपॉइंटमेंट लेटरचा ड्राफ्ट तयार झालाय. साधी गोष्ट आहे, पाटकरसाहेब."

"पण मग जुना टाइट एंड कोण? मी कुणाला खलास केलंय?"

"हां, ते पण आहे." जहूरनं हनुवटी खाजवली. "ब्लॉक करता येत नाही म्हणाले ना? कंटेनर ब्लॉक होतात ते तुमच्याच कागदात."

"अरे, मी ते सोडवतो! ब्लॉक केले तर शिव्या बसतील."

"तेच म्हणतोय मी. तुम्हाला ब्लॉक करता येत नाही!"

गुणवंतला हे पटलं नाही, पण खोडूनही काढता येईना. तेवढ्यात त्याला राहिलेलं आठवलं. "आणि तो रूट्स चांगले मारतो म्हणे."

जहूरचा चेहरा पडला. कंपनीत रूट्स म्हणजे जहूर. कुठला ट्रक रास अल खैमाला सिमेंट आणायला जाईल आणि कुठली बस कामगारांना कॅम्पवर सोडेल, हे तोच ठरवायचा. "या अल्ला," तो म्हणाला, "म्हणजे एक माणूस आणून दोघांना काढणार?"

संध्याकाळी अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये गुणवंतनं साधनाला स्वयंपाकघरात नेऊन, दार लावून सांगितलं. साधनानं गॅस बंद केला.

"पण नाव नक्की तुझंच घेतलं का?"

"नाव कशाला घेतील? अकरा वर्षं आणि गुडघे! अजून काय पासपोर्ट दाखवायला हवा होता?"

"आभाला विचारूया का? तिच्या शाळेत अमेरिकन मुली आहेत."

"मुलांना यात ओढायचं नाही," गुणवंतनं बजावलं. पण जेवताना त्याला राहवेना. दहावीतली आभा कानात इअरफोन घालून वरणभात खात होती. त्यानं अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "आभा, टाइट एंड म्हणजे काय गं?"

आभानं एक इअरफोन काढला. "It's a position, Baba," असं म्हणून तिनं तो परत घातला.

गुणवंतनं साधनाकडे बघितलं. पोझिशन! पोरीलासुद्धा माहीत होतं.

साधना मात्र हातावर हात धरून बसणाऱ्यांतली नव्हती. व्हिसा रद्द झाला की महिन्याभरात देश सोडावा लागतो, आणि घाईत कुणी आपल्या वस्तूंना विचारत नाही, हे तिनं गेल्या चार महिन्यांत तीन घरांत बघितलं होतं. तिनं खालच्या मजल्यावरच्या शोभनाला, कुणाला सांगू नकोस असं सांगून, सांगितलं. मंगळवारी एक मल्याळी जोडपं सोफा बघायला आलं. बुधवारी एक बाई टेप घेऊन फ्रिज मोजून गेली. गुरुवारी गुणवंत घरी आला तेव्हा बैठकीत सोफा नव्हता आणि आभा सतरंजीवर बसून "This is so random" म्हणत होती.

"चारशे दिरहम आले," साधना म्हणाली. "म्हणजे जवळजवळ साडेपाच हजार."

"अगं, पण मला अजून काढलेलं नाही!"

"काढल्यावर अडीचशे आले असते."

ऑफिसात गुणवंतनं वेगळा मार्ग धरला. ब्रॅडलीसाहेब दिसले की तो लिफ्ट सोडून जिना धरायचा आणि दोन-दोन पायऱ्या एकदम चढायचा. वरच्या मजल्यावर पोचलं की फाइलिंगच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं गुडघा धरून बसायचा. साहेबांनी एकदा विचारलंसुद्धा, "गुणवंत, सगळं ठीक ना?" तो धापा टाकत म्हणाला, "व्हेरी फिट, सर!"

पुढच्या आठवड्यात अमेरिकेहून डगच्या नावानं एक पार्सल आलं. कस्टमचे कागद रीतीप्रमाणे गुणवंतकडे आले. तपासणीसाठी पार्सल उघडावं लागलं. आत एक सदरा निघाला. दोन माणसं मावतील एवढा, छातीवर आकडा, आणि पाठीवर मोठ्या अक्षरांत नाव: किंकेड.

गुणवंतनं जहूरला फोन लावला. "युनिफॉर्म आलाय त्याचा. किंकेड नाव आहे."

"युनिफॉर्म? आपल्या कंपनीत युनिफॉर्म फक्त ड्रायव्हरांना आहे."

"नंबर पण आहे. चौऱ्याऐंशी."

"एम्प्लॉयी नंबर असेल." जहूरनं दीर्घ श्वास घेतला. "म्हणजे माणूस पक्का झाला. आता ऐका, पाटकरसाहेब. येणाऱ्याची सोय जो आधी करून ठेवतो, त्याला तो कापत नाही. बावीस वर्षं गल्फमध्ये काढलीत मी."

आणि जहूरनं सोय करायला घेतली. स्टाफ बिल्डिंगमधली कोपऱ्यातली खोली रिकामी करून रंगवून घेतली. साडेसहा फूट माणूस साध्या पलंगावर मावायचा नाही म्हणून सुताराला सांगून सव्वासात फुटांचा पलंग बनवून घेतला. पलंग लांब झाल्यानं दार पुरं उघडेना, म्हणून दार उलट्या बाजूनं बसवलं. दारावर "मिस्टर किंकेड" अशी पाटी लावली. ती पाटी बघून ड्रायव्हर येऊन विचारू लागले, नवे साहेब कधी येणार? एकानं तर त्यांना द्यायला आपला सुट्टीचा अर्जही लिहून ठेवला.

गुणवंतला हे सगळं बघून रडावं की हसावं कळेना. जो आपल्याला घरी पाठवणार त्याच्यासाठी आपलाच मित्र पलंग बनवतोय! शेवटी एका दुपारी त्यानं ठरवलं, आता सोक्षमोक्ष. त्यानं शर्ट खोचला आणि ब्रॅडलीसाहेबांच्या दारावर टकटक केली.

"सर, मला टाइट एंडविषयी बोलायचंय."

ब्रॅडलीसाहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद उमटला, की गुणवंत आणखीच घाबरला. "तुलासुद्धा? बस! दार लाव. मला वाटलं या इमारतीत मला आणि डगलाच त्याची काळजी आहे."

"मला तर झोप नाही, सर."

"मलाही नाही! बोल, तुझं मत काय? आपण चूक केली ना?"

साहेब स्वतःच चूक कबूल करतायत म्हटल्यावर गुणवंतला बळ आलं. "सर, नवा माणूस मोठा आहे, ताकदवान आहे, मान्य. पण ताकद म्हणजे सगळं नव्हे. जुन्या माणसाला आजूबाजूची सगळी माणसं माहीत असतात. कोण कुठल्या वेळी काय टाकणार, हे त्याला न बघता कळतं."

"एक्झॅक्टली!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. "हेच मी डगला दोन आठवडे सांगतोय!"

"आणि गुडघ्याचं म्हणाल तर, सर, गुडघा बरा होतो. तेल लावून शेकला की खूप फरक पडतो."

"तेल?" साहेब गंभीर झाले. "त्यांनी तेल लावून बघितलंय की नाही, कुणास ठाऊक."

"रोज लावतो, सर."

साहेब क्षणभर गोंधळले, पण विषयाच्या भरात पुढे गेले. "अडचण एवढीच आहे की दोघांना ठेवायला जागा नाही."

"का नाही, सर?" गुणवंत खुर्चीच्या कडेला सरकला. "दोघांना ठेवा. जुना नव्याला शिकवेल. एक वर्ष तरी. अकरा वर्षं ज्यानं इमानानं काम केलं, सणवार बघितले नाहीत, त्याला असं फेकून देऊ नका. त्याला मुलगी आहे दहावीला."

ब्रॅडलीसाहेबांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "त्याला मुलगी आहे हे मला माहीत नव्हतं," ते हळू आवाजात म्हणाले. "किती खोलवर जातोस तू, गुणवंत. पण हे माझ्या हातात नाही रे. हे हेड कोच ठरवतो."

गुणवंत चक्रावला. कोच म्हणजे बस, एवढं त्याला ठाऊक होतं. आणि कंपनीच्या बसेसचा हेड म्हणजे जहूर. आपली नोकरी जहूरच्या हातात? आणि तो पलंग बनवत बसलाय? "सर," तो कसाबसा म्हणाला, "मी त्याच्याशी बोलू का? तो माझं ऐकतो."

"कोच तुझं ऐकतो?"

"रोज एकत्र जेवतो आम्ही."

आता ब्रॅडलीसाहेबांनी त्याच्याकडे निरखून बघितलं. मग कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. पडद्यावर लोखंडी जाळीचं शिरस्त्राण घातलेला एक धिप्पाड पोरगा, पोटाशी लांबट चेंडू कवटाळून पळत होता. छातीवर चौऱ्याऐंशी. "हा किंकेड," साहेब म्हणाले. "आमच्या गावच्या फुटबॉल टीमचा नवा खेळाडू. टाइट एंड ही त्याची मैदानावरची जागा. तू कुणाबद्दल बोलत होतास?"

चेंडू हातात धरून पळणाऱ्या या खेळाला फुटबॉल का म्हणतात, असा प्रश्न गुणवंतच्या मनात येऊन गेला. पण अंगभर जो सैलपणा पसरला, त्यापुढे तो टिकला नाही. "याच्याबद्दलच, सर," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाबद्दल?" आणि तो बाहेर पडला तो थेट जहूरकडे. दोघं ट्रकच्या सावलीत पोट धरधरून हसले. मग जहूर अचानक थांबला आणि म्हणाला, "खोलीच्या रंगाचं हेड ऑफिसला काय सांगायचं?"

त्या दिवसापासून ब्रॅडलीसाहेब जाता-येता गुणवंतच्या टेबलाशी थांबू लागले. गुणवंत मान डोलवायचा आणि "सर, आधी बघू तर द्या त्याला" असं म्हणायचा. हे वाक्य कुठल्याही खेळाडूला चालतं, हे त्याच्या लवकरच लक्षात आलं. मेच्या शेवटी डगला हेड ऑफिसचं नोकरी संपल्याचं पत्र आलं आणि तो आठ दिवसांत गेला. जुलैत तसंच पत्र ब्रॅडलीसाहेबांना आलं.

त्यांना विमानतळावर सोडायला कंपनीची व्हॅन घेऊन जहूर निघाला. गुणवंत साहेबांशेजारी बसला. बाहेर उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. मग साहेब म्हणाले, "एक खरं सांग. त्या दिवशी तू फुटबॉलबद्दल बोलत नव्हतास ना?"

आता खोटं कशाला बोलायचं? "नाही, सर. मला वाटलं, तुम्ही मलाच काढताय."

ब्रॅडलीसाहेब इतके हसले की जहूरनं आरशातून बघितलं. हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले. "काढतच होतो," ते म्हणाले. "हेड ऑफिसनं एक नाव मागितलं होतं. तुझं नाव लिहिलेला कागद त्या दिवशी माझ्या खणात होता. तू गेल्यावर मी तो फाडला. एवढ्या जीव तोडून टीमबद्दल बोलणारा माणूस मला दुसरा कुठे मिळणार होता?"

गुणवंत त्यांच्याकडे वळला. "मग त्या जागी कुणाचं नाव लिहिलंत, सर?"

"डगचं," साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. "त्याला टाइट एंड कधी कळलाच नाही."

व्हॅन विमानतळाच्या वळणाला लागली. जहूरनं मान मागे वळवून मराठीत विचारलं, "काय म्हणतायत हो साहेब?"

गुणवंतनं पुढच्या रस्त्याकडे बोट दाखवलं.

"काही नाही," तो म्हणाला. "तू पुढे बघून चालव."