फिर्यादी बसवराज

रामलिंगप्पा वकिलांच्या, आमच्या आप्पांच्या, घरी पुकारा झाल्याशिवाय चहासुद्धा मिळत नसे. ओसरीवरून ते तुमच्या नावाने तीन हाका मारायचे. तिसरीला 'हाजिर' म्हटलं नाही की कप आत परत. मी नातवंडांना जेवायला तीनदाच हाक मारते, ती खोड तिथली.

निजामाच्या अमलात परभणीच्या कोर्टात जन्म घालवून आप्पा आमच्या ताडकळसला, आमच्या शेजारी येऊन राहिले. वकिलीच्या परीक्षेची पोरं संध्याकाळी ओसरीवर जमत. आप्पा त्यांच्याकडून खोटे खटले चालवून घेत. मुलजिम, म्हणजे आरोपी, व्हायला कुणी तयार नसे. मी नऊ वर्षांची, रोज राजीखुशीनं चोर व्हायची. सुटले तरी गूळ, सजा झाली तरी गूळ. माझ्यावाचून सरकारचा न्याय अडेल, अशी माझी खात्री होती.

"भोपळा कुनाचा, हे दिवाणी," आप्पा शिकवत. "भोपळा कुनी तोडला, हे फौजदारी."

"आन् खाल्ला तर?" मी.

"मग पुरावा गेला. हिला चोर नका करू रे, वकील करा."

पण पहिला पुकारा माझ्या खटल्याचा नसे. "फिर्यादी बसवराज रामलिंगप्पा, हाजिर हाय?" बसवराज त्यांचा एकुलता एक. कायदा शिकणार नाही म्हणाला, तेव्हा आप्पांनी त्याचं काही ऐकून न घेता निकाल दिला: घराबाहेर. पूर्णेच्या स्टेशनावर जाऊन तो गाडीत बसला, तो गेलाच. तीन हाका होत. आप्पा म्हणत, "पुढची तारीख."

एकदा एका नव्या पोरानं विचारलं, "आप्पा, फिर्यादी आला न्हाई तर खटला खारीज, मुलजिम सुटला. तुमीच शिकवलं ना?"

आत काकूंचं, बसवराजच्या आईचं, भाकरी थापणं थांबलं.

"ह्या खटल्यात मुलजिम मी हाय," आप्पा म्हणाले. "आन् मला सुटायचं न्हाई."

मला मात्र राग आला. मुलजिमाची जागा माझी होती ना.

पुढं अर्धांगानं आप्पांची वाचा गेली. पोरं यायची थांबली. संध्याकाळ झाली की ते ओसरीवर बसत आणि गल्लीकडं बघत. एके दिवशी त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी उठले, गल्लीकडं तोंड करून बसवराजच्या नावानं तीन हाका मारल्या.

आत भाकरीचा आवाज थांबला होता.

"पुढची तारीख," मी म्हटलं.

आप्पांनी मान हलवली. आत काकू पुन्हा भाकरी थापू लागल्या.