घंटीला लाल तार

मुंजाबा वाळूजच्या एका कारखान्यात मुलामा चढवायच्या खात्यात लागला, हे कन्नडजवळच्या त्याच्या वस्तीवर सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे तो नेमकं काय करतो, हे मात्र कुणालाच उमगलेलं नव्हतं. सगळ्यात कमी उमगलं होतं ते मल्हाररावांना, आणि मुंजाबाला हवी होती ती नेमकी त्यांचीच लेक कस्तुरा.

मल्हारराव मोठ्या कळपाचे धनी. जावई नोकरीवाला असायला त्यांची हरकत नव्हती, पण नोकरी कशाची ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. "माल पाण्यात बुडवायचा अन् वर काढायचा, एवढ्याचा पगार देतेत?" त्यांनी विचारलं होतं. "आमी समद्या मेंढ्या पाण्यातून काढतो, आमाला कुणी चहा बी पाजत नाय."

शेवटी त्यांनी म्होरक्या एडक्याच्या गळ्यातली पितळी घंटी सोडवून मुंजाबाच्या हातात ठेवली. त्यांच्या घराण्यात म्होरक्याची घंटी लेकीच्या आंदणात जावयाकडे जायची. तिच्यावर तांब्याचा मुलामा चढवून दाखव, मग सुपारी फोडू, असं ठरलं.

मुंजाबाचा बेत साधा होता. घंटी कारखान्यात न्यायची, सुपरवायझरची परवानगी काढायची आणि काम उरकायचं. पण नामांतराच्या आंदोलनात शहर बंद झालं आणि कन्नडहून एकही एसटी सुटेना. मेंढ्यांना एसटी लागत नाही, त्यामुळे मल्हारराव ठरल्या दिवशी येणार यात शंका नव्हती.

मग मुंजाबाने अंगणातच कारखाना काढला. मोरचूद घरात होतंच, मेंढ्यांच्या खुरांना लागतं म्हणून. जीपवाल्या त्रिंबकने बॅटरी, तारा आणि हेडलाइटचा जुना दिवा दिला. तांबं म्हणून आई बानाबाईने देवापुढची मोडकी पळी काढून दिली. प्लॅस्टिकच्या टबात एका बाजूला पळी, दुसऱ्या बाजूला घंटी टांगली आणि सगळी वस्ती भोवती जमली.

आधी नुसतंच पाणी होतं. तारा जोडल्या, पण दिवा काही लागला नाही. त्रिंबकने उगाचच खाकरून घेतलं. मुंजाबा मात्र याचीच वाट बघत होता. त्याने मूठ मूठ मोरचूद टाकून ढवळलं, पाणी निळंशार झालं आणि दिवा हळूच लाल होत लख्ख पेटला. बाया पदर सावरत पुढे सरकल्या, बानाबाईने हात जोडले. मुंजाबाची छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटायची बाकी राहिली.

नुसत्या पाण्यातून करंट नीट जात नाही, त्यात असं काही विरघळलं की त्याला वाट सापडते, असं त्याने समजावलं. लाल तार पळीला, काळी घंटीला. आता पळीतलं तांबं पाण्यातून चालत जाऊन घंटीवर बसणार. एवढं सांगून, पाण्याला कुणी हात लावायचा नाही अशी तंबी देऊन तो दाढी करायला आणि पाहुण्यांना सामोरा जायला निघून गेला.

बानाबाईने पाण्याला बोटसुद्धा लावलं नाही. तिने फक्त तारांना हात लावला. सोयरिकीची घंटी आणि तिला काळी तार, हे तिच्या जिवाला बघवेना. तिने दोन्ही चिमटे सोडवले, लाल घंटीला लावला, काळा पळीला. दिवा पहिल्यासारखाच पेटला. म्हणजे कुठे काही बिघडलं नाही, असं समजून ती निश्चिंतपणे पुरणाला लागली.

दिवस कलता मल्हारराव आले. मागे मेंढ्या, आणि घोड्याचा लगाम धरून कस्तुरा. तिच्याकडे न बघण्याची पराकाष्ठा करत मुंजाबाने ऐटीत टबातून घंटी वर काढली. घंटीचे काठ उंदरांनी कुरतडल्यागत झाले होते, पत्रा पार पातळ पडला होता. पळी मात्र बाळंतिणीसारखी गुटगुटीत झाली होती. उलट! सगळं उलट झालं होतं.

मल्हाररावांनी घंटी हातात घेऊन हलवली. पूर्वी ओढ्यापलीकडे ऐकू जायची, आता नुसतंच टिचटिच वाजलं. म्होरक्या एडक्याने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा चरायला लागला.

"हे कुनाच्या हातनं झालं?" मल्हाररावांनी विचारलं.

मुंजाबाची नजर तारांवर गेली आणि मग आईच्या पिठाच्या हातांकडे. त्याला सगळं कळलं. कस्तुरा हातची जाणार, हेही कळलं. "माझ्याच हातनं," तो म्हणाला.

"त्याच्या नाय, माझ्या," बानाबाई पुढे आली. "त्यानं घंटीला काळी तार लावली व्हती. मी लाल लावली."

मल्हाररावांनी घंटी खाली ठेवली. मग ते मुंजाबाकडे वळले. "सोयरिकीच्या घंटीला काळी तार लावली व्हती तू?"

"व्हय मामा, पण तिथं काळीच..."

"अन् ह्यांनी बदलली?"

"व्हय."

मल्हाररावांनी मांडीवर थाप मारली. "बराबर केलं इहीनबाईनी. घंटी काय, दुसरी मिळंल. काळ्या तारंची घंटी म्या आंदणात दिली असती तर लेकीचं काय झालं असतं?" अशा जाणत्या बाईच्या घरात पोर सुखात राहील, असं म्हणत त्यांनी सुपारी मागवली आणि अडकित्त्याने तिथल्या तिथे फोडली.

मुंजाबाला हर्ष आवरेना. त्याने सासऱ्याचे पाय धरले, आईचे धरले, भरात त्रिंबकचेही धरले. तेवढ्यात मल्हाररावांनी गुटगुटीत पळी उचलून निरखली. इकडचं तिकडं जातं हे मात्र खरं, असं त्यांनी कबूल केलं. मग घोड्यावरची, पणजोबांपासून चालत आलेली पितळी परात त्यांनी मुंजाबापुढे ठेवली. लग्नात पाय धुवायला ती तांब्याने मढवून पाहिजे.

"फकस्त एक," ते म्हणाले. "तार लालच लावायची."

मुंजाबाचा चेहरा पडला. पणजोबांपासूनची परात टबात विरघळताना त्याला समोर दिसू लागली. नाही म्हणावं तर सोयरीक जाते, हो म्हणावं तर परात.

तेव्हा घोड्याच्या पलीकडून कस्तुरा पहिल्यांदाच बोलली.

"काळ्या तारंला वरून लाल फडकं गुंडाळलं, तर करंटला कळतं का?"