हौकाकांच्या किटलीतला थर

हे लिहायचं की नाही, ठरतच नव्हतं. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. पण माझा मित्र फूपेंग, त्यानं अर्ध्या ताइयुआन शहराला सांगून टाकलंय. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका.

तर, पाण्यातलं मला कळतं. कॉलेजबिलेज नाही, मोबाइलवर बघून बघून शिकलोय. आमच्याकडे नळातून अर्धा डोंगर येतो. टॉवेल वाळला की भिंतीला टेकवून उभा करता येतो. केस धुतले की डोक्यावर काथ्या. यावर औषध एकच, आंबट! लिंबूसत्त्व घाला नाहीतर व्हिनेगर, उकळा, थर सुटतो. घरचा गीझर मीच वाचवलाय.

म्हणून चिआओ-युनच्या घरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा तिच्या बाबांवर छाप पाडायची हे पक्कं होतं. बाबा म्हणजे हौकाका. सगळी नोकरी कोळशाच्या खाणीत सुरुंग लावण्यात गेली. अजूनही बोलण्याआधी थांबतात, आणि समोरच्याचे हात आपोआप कानाकडे जातात. ते नाही म्हणाले की आमचं लग्न संपलं.

"बाबांपुढे कमी बोल," चिआओ-युननं बजावलं होतं. "आणि कशाला हात लावू नकोस."

मग बापलेक डंपलिंगच्या सारणाला मटण आणायला खाली गेले. घरात मी आणि किटली.

जुनी ॲल्युमिनियमची किटली. झाकण उघडलं तर आत चुन्याची गुहा. बोटभर जाड थर. म्हटलं, हीच संधी. ओट्यावरची व्हिनेगरची बाटली रिकामी होती, पण मोरीच्या कोपऱ्यात लाल फडक्यानं तोंड बांधलेली बुधली दिसली. आमच्या शान्शी प्रांतातल्या घरात बुधली दिसली की आत व्हिनेगरच, हे कुणी विचारत नाही. ओतलं. सढळ हातानं ओतलं. गॅस पेटवला.

काय खपल्या सुटायला लागल्या! मी फुगलो. तेवढ्यात खालून आवाज आला, चुर्र.

मग परत, चुर्र, चुर्र.

किटलीच्या बुडाला भोकं होती. इतकी वर्षं त्या थरानंच ती बुजवून धरली होती. फोन केला फूपेंगला. माझ्या शेजारच्या दुकानात मोबाइल दुरुस्त करतो, डोकं चालतं त्याचं.

"फूपेंग, किटली गळतेय."

"कुणाची?"

"हौकाकांची."

"कितव्या मजल्यावर आहेस?"

"सहाव्या."

"मग उडी नको मारू. राळ्याची पेज कर तिच्यात. आमची आजी भांडी अशीच बुजवायची."

केली पेज. घाईत अर्धं राळं जमिनीवर. पेज मोरीत ओतली, पाणी भरलं, खालून थेंब नाही. देवासारखा धावलास रे बाबा, म्हणतोय तोवर कुलपात किल्ली फिरली.

व्हिनेगरच्या वासाचं कुणाला काही वाटलं नाही. आमच्याकडे तो वास नसला तरच चौकशी होते. काकांनी पाणी उकळलं, चहात ओतलं. कपात राळ्याचे दाणे गरगर फिरायला लागले. काकांनी कपात पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि किटलीनं त्यांच्या सपातेवर धार सोडली.

झाकण उघडून ते आत बघत राहिले. आत लखलखाट.

"माझी किटली कुठंय?"

"हीच आहे, काका."

"थर?"

"काढला. तब्येतीला..."

"बाबा," मोरीपाशी चिआओ-युन उभी होती. हातात लाल फडकं. चेहरा पांढरा. "माझी बुधली."

ती जन्मली त्या वर्षी काकांनी ते व्हिनेगर मुरत घातलं होतं. तिच्या लग्नाच्या जेवणात उघडायला. आणि मी त्यानं किटली धुतली होती.

मी दाराकडे बघितलं. दार काकांच्या मागे होतं. काकांनी बुधली उचलली, कानाशी धरून हलवली. तळाशी उरलेलं थोडंसं डुचमळलं. मग ते थांबले. माझे हात कानाकडे गेले.

"पाहुणे कमी बोलवावे लागतील," काका म्हणाले.

म्हणजे लग्न होणार, हे मला कळायला वेळ लागला. चिआओ-युन आधीच लाल झाली होती.

"आणि नवी किटली तू आणायचीस," काका पुढे म्हणाले. "थर चढेपर्यंत रोज इथं येऊन पाणी उकळायचं. नळाचं. फिल्टरबिल्टर आणलंस तर बघ."

तर आता रोज संध्याकाळी मी सासऱ्यांच्या समोर बसून पाणी उकळतो. किटली अजून चकाचक आहे, थराचा पत्ता नाही.

ही बातमी कळल्यापासून फूपेंग मागे लागलाय. "त्या कमी केलेल्यांत मी नाही ना? पेज माझी होती, विसरू नकोस."

काल त्याला वचन देऊन टाकलं, तुझी खुर्ची पक्की. डंपलिंग पोटभर. फक्त बुडवायचं व्हिनेगर तुझ्यापर्यंत पोचणार नाही, कोरडेच गिळावे लागतील.

विचार करून सांगतो म्हणालाय.